नाही म्हणण्याची ऐपत

श्रीमंत मुलगा आणि गरीब मुलगी, किंवा उलट, यांच्या प्रेमाचा हिंदी चित्रपट सुरू झाला की पहिल्या अर्ध्या तासातच प्रेक्षकाला एक काळजी लावून दिली जाते: घरचे मानतील का? मग बाप संतापतो, आई डोळ्यांना पदर लावते, कुणीतरी नोटांचं पुडकं पुढे करतं, समोरचा ते भिरकावून देतो आणि शेवटी कुणाला तरी पाझर फुटतो. इतकी वर्षं हे पाहत आल्यामुळे वर्गभेद म्हणजे चिडलेला बाप, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. बापाची समजूत पटली की भेद मिटला! मला हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारलेला वाटतो. दोघांपैकी ज्याच्या गाठीला काही नाही, त्याला 'नाही' म्हणता येतं का? आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या जेवणाचं, डोक्यावरच्या छपराचं, पगाराचं काय होतं? जी प्रेमकथा हे विचारत नाही ती गोड असेल, सुरेल असेल, पण वर्गभेदाबद्दल तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

दिग्दर्शिका रोहेना गेरा यांचा 'सर' हा चित्रपट म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. २०१८ साली तो कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. आपल्याकडे चित्रपटगृहांत यायला नोव्हेंबर २०२० उजाडला, तोही करोनाच्या सावटात, त्यामुळे बहुतेकांनी तो नंतर घरी बसून नेटफ्लिक्सवरच पाहिला. गोष्ट दोन ओळींची आहे. महाराष्ट्रातल्या एका खेड्यातली, लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली रत्ना मुंबईत अश्विनच्या उंची फ्लॅटमध्ये राहून काम करते. ठरलेलं लग्न मोडून तो घरी परतलेला आहे. घरात दोघंच आहेत आणि हळूहळू दोघांमध्ये काहीतरी उमलतं. तिलोत्तमा शोम यांनी रत्ना अशी उभी केली आहे की तिच्याबद्दल नुसती कणव वाटून भागत नाही, आपल्याला तिचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं.

सुरुवातीलाच एक छोटं दृश्य आहे. गावाहून मुंबईला येताना रत्ना हातात बांगड्या चढवते. गावात विधवेच्या हातात बांगड्या चालत नाहीत, शहरात कुणी विचारत नाही. एका ओळीचाही संवाद नाही, पण मुंबईची चोवीस तासांची नोकरी तिच्यासाठी काय आहे ते इथेच कळतं. तिथे तिला पगार मिळतो, त्यातून धाकट्या बहिणीचं शिक्षण होतं आणि मनगट मोकळं राहत नाही. हे सगळं एका नोकरीला बांधलेलं आहे, आणि ती नोकरी एका माणसाच्या मर्जीवर. त्या माणसाने तिच्यावर प्रेम करायचं ठरवलं तर तिच्या हातात नेमकं काय उरतं? चित्रपटाचा सगळा ताण मला या बांगड्यांपाशी सापडतो. अश्विनचे वडील, त्याचे मित्र, पार्टीतले पाहुणे हे सगळे नंतरचे.

रत्नाला शिवणकाम शिकायचं आहे, पुढे कपड्यांची डिझायनर व्हायचं आहे. दुपारचे दोन-तीन तास शिकायला जाऊ का, हे विचारताना ती किती वेळा शब्द जुळवते ते पाहण्यासारखं आहे. अश्विन चटकन हो म्हणतो. त्याच्यासाठी ती एवढीशी गोष्ट आहे, आणि दोघांतलं अंतर मला सर्वांत जास्त याच प्रसंगात दिसलं. एकाला जे देताना काही जाणवत नाही ते मागायला दुसऱ्याला दिवस दिवस धीर गोळा करावा लागतो. आपल्या घरांतही हेच चालतं. गावाला जत्रा आहे, मुलाची शाळा आहे, पाठ भरून आली आहे, हे सांगायला बाई ओट्याशी घुटमळत राहते. आपण मोबाईलमधून डोकं वर न काढता 'बरं बरं, जा' म्हणतो आणि आपण किती मोठ्या मनाचे आहोत यावर खूश होतो.

जुन्या हिंदी चित्रपटांनी हे अंतर कसं ओलांडलं तेही बघू. 'बॉबी'मध्ये (१९७३) कोळ्याची मुलगी आणि कोट्यधीशाचा मुलगा पाण्यात उडी घेतात, त्यांच्यामागे दोघांचे बाप उडी घेतात आणि एकाने दुसऱ्याचं लेकरू वाचवल्यावर भांडण मिटतं. म्हणजे तडजोड झाली ती दोन बापांत. त्या मुलाच्या, राजाच्या, सांभाळासाठी ठेवलेली बाई ही बॉबीची आजी, म्हणजे नातं मुळात मालक-नोकराच्या घरातून आलेलं. पण ते धागेदोरे उलगडायला चित्रपट थांबत नाही. 'मैंने प्यार किया'मध्ये (१९८९) मुलीचा बाप अट घालतो की महिनाभर मजुरी करून दोन हजार रुपये कमवून दाखव. प्रेम नावाचा नायक ते करून दाखवतो आणि आपल्याला भरून येतं. मला त्या वयात आलंच होतं. पण गरिबी ही तिथे महिनाभराची परीक्षा आहे. सुटण्याची तारीख ठरलेली आहे, मागे वडिलांचा बंगला उभा आहे. ज्याला ती तारीख ठाऊक असते त्याचं घाम गाळणं आणि ज्याला ती कधीच मिळत नाही त्याचं घाम गाळणं एकाच मापाने कसं मोजायचं?

आणखी एक गोष्ट या चित्रपटांत सतत दिसते. गरीब बाजूला पुरुष असेल तर त्याला ताठा दिला जातो. 'जब जब फूल खिले'मधला (१९६५) काश्मीरचा शिकारेवाला असो की 'राजा हिंदुस्तानी'तला (१९९६) टॅक्सीवाला, श्रीमंत बाईने आपलं जग सोडून त्याच्याकडे यायचं असतं आणि तिच्या येण्यातून त्याचा मान राखला जातो. गरीब बाजूला बाई असेल तर तिला सद्गुण दिले जातात: ती सोशिक असते, देवभोळी असते, सासूचं मन जिंकते. पैशाच्या बदल्यात तिला चारित्र्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर तिला घरात घेतलं जातं. त्याचा ताठा काय किंवा तिचे सद्गुण काय, दोन्ही श्रीमंत घराला परवडतात, कारण त्यासाठी त्या घराच्या व्यवहारात काहीच बदलावं लागत नाही. रत्नाला गेरांनी यातलं काही दिलेलं नाही. त्यांनी तिला एक कसब दिलं, ते पक्कं शिकण्याची हाव दिली आणि नाही म्हणायची ताकद दिली. हिंदी चित्रपटातल्या कामवालीच्या वाट्याला हे क्वचितच आलं आहे.

ती नाही म्हणते तेव्हा तिच्या नकारात लाजणं-मुरडणं नसतं. लोक काय म्हणतील, गावात काय होईल, आपलं हसं होईल, हे सगळं ती हिशेब मांडावा तसं मांडते. तिने ते आयुष्यभर पाहिलेलं आहे. अश्विनला वाटतं, आपल्याला फरक पडत नाही तर प्रश्न कुठे आहे? चांगल्या घरातली, वाचलेली, बाहेर राहून आलेली माणसं हे वाक्य फार सहज बोलतात. त्याला फरक पडत नाही कारण पडायचा तो तिलाच पडणार आहे. उद्या हे बिनसलं तर तो न्यूयॉर्कला जाऊ शकतो (शेवटी जातोच), आणि ती कुठे जाणार? चोवीस तासांच्या बाईची नोकरी सुटली की त्याच रात्री राहायची जागाही सुटते. रत्ना नोकरी सोडते तेव्हा तिला बहिणीच्या घराचा आसरा आहे म्हणून ती सोडू शकते. लग्न करून बहीण मुंबईत आली नसती तर? पटकथेतला हा तपशील कुणाच्या फारसा लक्षात येत नाही, पण रत्नाचा सगळा स्वाभिमान त्या खोलीच्या आधाराने उभा आहे.

आता चित्रपटावरचा माझा आक्षेप. तिच्या मनाचा कौल लागायच्या आत, ती त्याच्याकडे पगारावर असतानाच, अश्विन एक पाऊल पुढे टाकतो आणि चित्रपट त्या क्षणाला निखळ प्रणयाचं संगीत देतो. तो सज्जन आहे, हळवा आहे, तिला शिवणयंत्र आणून देतो, आणि म्हणून आपण ते मान्य करावं असं अपेक्षित आहे. मला ते मान्य नाही. मालकाच्या सज्जनपणावर ज्या संबंधांची सगळी मदार असते, ते त्याच सज्जनपणाच्या लहरीवर मोडूही शकतात. त्याच इमारतीत दोन मजले खाली दुसऱ्या फ्लॅटमध्ये हेच पाऊल एखादा सज्जन नसलेला माणूस टाकतो, तेव्हा त्या बाईलाही स्वयंपाकघराला लागून तशीच खोली असते, तसाच पगार असतो आणि दाराला आतून कडी असेलच याची खात्री नसते. दोन फ्लॅटमधला फरक फक्त पुरुषाच्या स्वभावाचा असेल, तर त्या बाईला संरक्षण आहे असं म्हणता येत नाही. पुढे रत्नाला डिझायनरकडे जी नोकरी मिळते तीही अश्विनच्या ओळखीतूनच. हे गेरांना खटकलं असावं असं चित्रपटातून तरी जाणवत नाही. मला खटकलं.

तरीही शेवटाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ती त्याची नोकर उरलेली नसते, स्वतःच्या कामावर लागायची असते, तो हजारो मैल दूर असतो, आणि तेव्हा कुठे फोनवर ती त्याला नावाने हाक मारते. लग्न नाही, मिठी नाही. 'मग पुढे काय?' म्हणून बरेच प्रेक्षक नाराज झाले. माझ्या मते पुढचं दाखवायचा हक्क चित्रपटाला तिथे पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो न वापरता थांबणं प्रामाणिकपणाचं होतं. पगार देणारा-घेणारा हे नातं संपल्यावर दोन माणसं एकमेकांना हवी आहेत की नाहीत ते ठरवू शकतात. त्याआधी ठरवायला बसणं म्हणजे एका बाजूचं मत आधीच पगारपत्रकात धरलेलं असणं.

यावर एक प्रश्न मला हमखास विचारला जातो: मग तुमच्या मते मालक आणि बाई यांच्यात प्रेम होऊच शकत नाही का? तुम्ही तर प्रेमालाही वर्गाच्या कुंपणात कोंडताय! प्रश्न रास्त आहे. प्रेम होऊ शकतं, होतंही. पण 'हो'ला अर्थ येतो तो 'नाही' म्हणता येत असेल तरच. कचेरीत साहेबाने हाताखालच्या बाईला विचारलं तर आज आपण निदान थबकतो. तिला नकार देता आला असता का, बढती अडली असती का, असं विचारतो. घराच्या चार भिंतींत मात्र हा विवेक आपल्याला सुचत नाही, कारण घर ही कामाची जागा आहे हेच आपण मनाने मानलेलं नाही. आपण म्हणतो, ती आमच्या घरच्यासारखीच आहे. घरच्यासारखी, पण तिचा कप वेगळा, बहुतेक वेळा कान तुटलेला, सिंकच्या खाली किंवा खिडकीच्या कठड्यावर पालथा घातलेला. तिची लिफ्ट वेगळी. सोफा पुसायचा, पण त्यावर टेकायचं नाही. बिल्डरच्या नकाशात तिच्या खोलीला खिडकी असतेच असं नाही. 'घरच्यासारखी' म्हणून भाऊबीजेला साडी मिळते, आणि त्याच शब्दाच्या आडोशाने आठवड्याची सुट्टी, कामाचे ठरलेले तास, आजारपणातला पगार हे विषय कायमचे टळतात. खाडा झाला की पैसे कापायचे, नड म्हणून उचल दिली की ती फिटेपर्यंत बाई आपली. अशी उचल डोक्यावर असलेल्या बाईने कशाला नाही म्हणायचं?

आणि जात. 'सर' जातीबद्दल जवळजवळ गप्प आहे. हिंदी चित्रपटाची ही जुनी खोड आहे: जिथे जात बोलायची तिथे पैसा बोलायचा. पैशाची दरी कष्टाने, नशिबाने, पाण्यातल्या एका उडीने भरून काढता येते. जातीची दरी तशी भरता येत नाही, म्हणून ती टाळलेली बरी. 'सैराट' (२०१६) हिंदीत 'धडक' (२०१८) झाला तेव्हा जातीची धार जी बोथट झाली ती आपण पाहिलीच. नागराज मंजुळे यांच्या आर्ची आणि परश्याने हैदराबादेत काबाडकष्ट करून, फ्लॅट घ्यायच्या गोष्टी करून पैशाचं अंतर जवळपास संपवलं होतं. तरी आर्चीच्या घरची माणसं घरात शिरली आणि दोघांना मारून गेली. देशातल्या मोठ्या घरगुती सर्वेक्षणात आंतरजातीय लग्नांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास भरलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच सांगून ठेवलं आहे की आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय. कामवालीचा कप वेगळा ठेवताना हात कोणत्या सवयीने चालतो हे त्या हाताच्या मालकाला नीट ठाऊक असतं. त्याला 'स्वच्छता' म्हणायचं इतकंच. रत्नाची जात चित्रपटाने सांगितली असती तर अश्विनच्या वडिलांचा विरोध आपल्याला अधिक ओळखीचा वाटला असता आणि आपण खुर्चीत थोडे अवघडलो असतो. ती अवघडलेली अवस्था मला हवी होती.

नाही म्हणण्याची ऐपत कशी येते? स्वभावाने येत नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला. धुणंभांडी करणाऱ्या बायकांनी काम थांबवलं, पगारवाढ मागितली, आजारपणाची रजा मागितली, आणि त्यातून संघटना उभी राहिली. एकेकटीने नकार दिला असता तर दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आली असती. सगळ्यांनी मिळून दिला तेव्हा तो ऐकावा लागला. राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो चांगलाच, पण तो कल्याणाचा आहे, वेतनाचा नाही: नोंदणी करा, मदत घ्या. महिन्याला किती पगार, किती तास, किती सुट्ट्या, काढून टाकायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, हे त्यात येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये मंजूर केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं खरं, पण अजून तो स्वतःवर बंधनकारक करून घेतलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सांगितलं की समिती नेमा आणि घरकामगारांसाठी वेगळ्या कायद्याचा विचार करा. तो कायदा कामगार मंत्रालयाच्या फाइलीतून बाहेर पडावा म्हणून ज्यांच्या घरी बाई येते त्यांनीही आवाज उठवायला हवा, कारण आजवर याला सगळ्यांत चिवट विरोध आपल्याच वर्गाचा राहिला आहे. 'बाईला किती द्यायचं ते सरकार कोण ठरवणार?' असं म्हणणाऱ्या माणसाला कारखान्यातल्या कामगाराचं किमान वेतन सरकारने ठरवलेलं चालतं.

एक कायदा मात्र आजही हाताशी आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकाम करणारी बाई नाव घेऊन धरलेली आहे आणि राहतं घर हे कामाचं ठिकाण मानलेलं आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, घटनेनंतर तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती ती मुदत वाढवू शकते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीने सात दिवसांत प्रकरण पोलिसांकडे पाठवायचं असतं. शहरात प्रभागात आणि ग्रामीण भागात तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा असतो. दोन मजले खालच्या त्या फ्लॅटमधल्या बाईला हे कुणी सांगितलं आहे? इमारतीत शिरताना तिचा फोटो काढतात, आधारची प्रत घेतात, जाताना पिशवी तपासतात, म्हणजे तिच्यापासून आपलं रक्षण करायची सगळी तजवीज आहे. आपल्यापासून तिचं रक्षण करणारी एक ओळ कुठे लिहिलेली नाही.

ती ओळ लिहिणं आपल्या हातात आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर प्लंबर, लिफ्टवाला, पाण्याचा टँकर यांचे नंबर असतात. त्याच्याच खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता आणि प्रभागातल्या अधिकाऱ्याचा फोन मराठीत आणि हिंदीत लावावा, आणि बायका ज्या लिफ्टने ये-जा करतात तिथेही लावावा. 'इमारतीची बदनामी होईल' म्हणून सोसायटीच्या बैठकीत कुणीतरी उठेलच. त्यांना एवढंच विचारावं, अग्निशमन दलाचा नंबर लावल्याने इमारतीला आग लागते का? पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालावा म्हणून सभासदांच्या सह्या घेता येतात. आम्ही त्या गोळा करायला सुरुवात केली आहे.